रूळ की राखीव मार्गिका : चेन्नईच्या वाहतुकीपुढील पेच

चेन्नई : दक्षिणेकडील जिल्ह्यांतून येणाऱ्या बसगाड्यांसाठी किलांबाक्कम येथे उभारलेले ८८ एकरांचे भव्य टर्मिनस मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांच्या हस्ते ३० डिसेंबर २०२३ रोजी खुले झाले. कोयंबेडूवरील गर्दी हलकी करणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो रास्तही होता. मात्र टर्मिनस सुरू झाले तेव्हा तेथे ना मेट्रो पोहोचली होती, ना उपनगरी रेल्वेचे स्थानक तयार होते. मदुराईहून किंवा तिरुनेलवेलीहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला मुख्य शहर गाठण्यासाठी आणखी सुमारे ३० किलोमीटर जायचे होते, आणि त्याच्या हाती एकच साधन होते ते म्हणजे महानगर परिवहन महामंडळाची, अर्थात एमटीसीची, शहरी बस.

विमानतळापासून किलांबाक्कमपर्यंत मेट्रो नेण्याचा सुमारे साडेपंधरा किलोमीटरचा प्रस्ताव आहे. त्याचा अंदाजित खर्च ९,३०० कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे किलोमीटरमागे जवळपास ६०० कोटी रुपये आहे. मंजुरी, निधी, भूसंपादन आणि बांधकाम या सर्व पायऱ्या चढून पहिली गाडी धावेपर्यंत किती वर्षे लागतील, याचा अंदाज या शहरातील कोणत्याही जाणत्या प्रवाशाला आहे. तोवर काय, हा प्रश्न उरतोच. त्याहून मोठा प्रश्न असा की, जेथे मेट्रो परवडणारच नाही किंवा तिची गरजच नाही, अशा मध्यम गर्दीच्या मार्गांवर काय चालवायचे? हलक्या रेल्वेचे रूळ टाकायचे, की राखीव मार्गिकेतून दीडशे-दोनशे प्रवासी नेणाऱ्या लांब जोडबस सोडायच्या?

हा वाद जगातील अनेक शहरांत झाला आहे. चेन्नईत त्याला विशेष धार आहे, कारण या शहराने गेल्या सव्वाशे वर्षांत जवळपास प्रत्येक पर्याय एकदा तरी हाताळला, आणि त्यातील बरेचसे अर्ध्यावर सोडून दिले.

भारतातील पहिली विजेवरची ट्राम मे १८९५ मध्ये येथेच धावली. मुंबईला ती १९०७ मध्ये मिळाली. मद्रासची ट्राम एप्रिल १९५३ मध्ये बंद पडली. मुंबईने आणखी ११ वर्षे तग धरून मार्च १९६४ मध्ये आपली शेवटची ट्राम आगारात नेली. त्यानंतर दुमजली बस आल्या, पुढे ‘व्हेस्टिब्यूल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडबस आल्या. दोन डबे मधल्या लवचीक पडद्याने जोडलेली ही लांबलचक बस एकेकाळी मद्रासच्या रस्त्यांची ओळख होती. अशा गाड्या बनविणारी अशोक लेलँड याच शहरातली असल्याने घरचा पुरवठादारही हाताशी होता. तरीही दुमजली बस २००० च्या दशकात आणि जोडबस त्यानंतरच्या दशकात हळूहळू नाहीशा झाल्या.

त्या का गेल्या, हे नीट समजून घेतले पाहिजे. वाहन लांब होते, पण बाकी सारे जुनेच राहिले. मजला उंच असल्याने चढायला दोन-तीन पायऱ्या होत्या. तिकीट गाडीत बसल्यावर वाहकाकडून घ्यायचे. थांबा म्हणजे पदपथाच्या कडेचा एक खांब, आणि त्याच्या पुढ्यात रिक्षा उभ्या. ६० जणांच्या जागी १२० जण चढणार असतील आणि दारांची संख्या व चढण्याची पद्धत तीच राहणार असेल, तर गाडी थांब्यावर दुप्पट वेळ उभी राहते. तिच्या मागे आणखी चार बस खोळंबतात. वाहनाची क्षमता वाढली आणि मार्गाची क्षमता मात्र होती तेथेच राहिली. जोडबस अपयशी ठरली असा निष्कर्ष त्यावेळी काढला गेला. तो अपुरा होता.

दुसरीकडे रुळांचा अनुभवही फार उत्साहवर्धक नाही. चेन्नई बीच ते चेपॉक हा एमआरटीएस अर्थात उन्नत रेल्वेचा पहिला टप्पा नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झाला, १९९७ मध्ये तो तिरुमयिलैपर्यंत आणि २००७ मध्ये वेलाचेरीपर्यंत गेला. वेलाचेरी ते सेंट थॉमस माउंट हा अवघा पाच किलोमीटरचा जोड भूसंपादनाच्या वादात दशकाहून अधिक काळ रखडला. या मार्गावरील प्रचंड आकाराची स्थानके वर्षानुवर्षे ओसाड भासत राहिली, कारण त्यांच्या दाराशी बस नव्हती आणि बसच्या थांब्याशी त्यांचे दार नव्हते. आता ही सेवा मेट्रोकडे सोपविण्याची प्रक्रिया चालू आहे. मोनोरेलची कथा त्याहून छोटी आहे. जयललिता यांच्या सरकारने २०११ मध्ये १११ किलोमीटर मोनोरेलची घोषणा केली. पूनामल्ली ते कत्तिपारा या एका मार्गाला केंद्राची तत्त्वतः संमतीही मिळाली. एकही खांब उभा राहिला नाही. मुंबईकरांना येथे हळहळण्याचे कारण नाही, कारण मुंबईत मोनोरेल २०१४ मध्ये प्रत्यक्ष धावली, अल्प प्रवासीसंख्या आणि वारंवारच्या बिघाडांमुळे कायम टीकेचा विषय राहिली, आणि २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणांसाठी थांबविण्यात आली.

केंद्र सरकारने या मधल्या जागेसाठी दोन साचे ठरवून दिले आहेत. जुलै २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’चे निकष आले. ही तीन डब्यांची, ३३ मीटर लांबीची आणि सुमारे ३०० प्रवासी नेणारी हलकी रेल्वे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मेट्रोनिओ’चे निकष आले. रबरी टायरवर चालणारी, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी ही जोडबसच आहे, नाव मात्र मेट्रोचे. एका दिशेने तासाला कमाल ८,००० प्रवाशांपर्यंत मेट्रोनिओ आणि १५,००० पर्यंत मेट्रोलाइट, अशी ढोबळ विभागणी करण्यात आली. तांबरम ते वेलाचेरी या सुमारे साडेपंधरा किलोमीटरच्या मार्गावर मेट्रोलाइटचा विचार चेन्नई मेट्रो रेल कंपनीने याच काळात सुरू केला.

आता जरा आकडेमोड करू, कारण या वादात विशेषणे फार आणि गणित कमी असते. मेट्रोलाइटची ३०० प्रवाशांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटली तर तासाला एका दिशेने ९,००० प्रवासी जातील. बारा मीटरच्या नेहमीच्या बसमध्ये दाटीवाटीने ७५ प्रवासी धरले आणि दर मिनिटाला एक बस सोडली तरी आकडा ४,५०० वर थांबतो. अठरा मीटरच्या जोडबसमध्ये १४० प्रवासी मावतात. ती दर मिनिटाला सुटली तर ८,४००. पंचवीस मीटरची, दोन सांध्यांची बस २२५ प्रवासी घेऊन दर दीड मिनिटाला सुटली तर बरोबर ९,०००. म्हणजे क्षमतेच्या दृष्टीने लांब बस आणि हलकी रेल्वे यांच्यात मोठे अंतर नाही. रेल्वे वरचढ ठरते ती त्यापलीकडच्या गर्दीत, कारण तिला डबे जोडता येतात आणि बसला तिसरा सांधा सहसा जोडता येत नाही.

पण या गणितात एक अट दडलेली आहे. दर मिनिटाला बस ‘सुटणे’ सोपे आहे. दर मिनिटाला ती प्रत्येक थांब्यावरून पुढे निघणे अवघड आहे. एक बस थांब्यावर २० सेकंदांत मोकळी झाली तर पुढचीला जागा मिळते, आणि ती ५० सेकंद अडकली तर वेळापत्रक पहिल्या अर्ध्या तासातच कोसळते. म्हणून बसच्या मजल्याच्या उंचीचा फलाट हवा, चढण्यापूर्वीच तिकीट काढण्याची सोय हवी, तीन-चार रुंद दारे हवीत, आणि मोठ्या थांब्यांवर मागच्या बसला पुढे जाण्यासाठी दुसरी मार्गिका हवी. उभ्या बसच्या वजनाने डांबर खचते, तेव्हा थांब्यांपुरता तरी काँक्रीटचा रस्ता हवा. चौकात हिरवा दिवा तिच्यासाठी आधी लागला पाहिजे. या साऱ्या गोष्टी केल्या तर बस ही रेल्वेसारखी वागते. यातले निम्मे गाळले तर ती १९८० च्या व्हेस्टिब्यूलसारखी वागते.

ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये राखीव मार्गिकांवर बस सोडल्या आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी २७० प्रवाशांच्या, दोन सांध्यांच्या बस आणल्या. जमिनीपासून उंचावलेल्या काचेच्या नळकांड्यांसारखे थांबे आणि आत शिरण्यापूर्वी भाडे, हे त्यांचे वैशिष्ट्य जगभर अभ्यासले गेले. कोलंबियाच्या बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये ‘ट्रान्समिलेनियो’ सुरू केली आणि दोन्ही बाजूंना ओलांडण्याची मार्गिका दिल्यामुळे एका दिशेने तासाला ४० हजारांहून अधिक प्रवासी नेऊन दाखविले. हा आकडा अनेक मेट्रोंपेक्षा मोठा आहे. मात्र बसच्या समर्थकांनी पुढचे वाक्य गाळू नये. तेथील गाड्यांतील गर्दी इतकी असह्य झाली की आज तीच बोगोटा उन्नत मेट्रो बांधत आहे.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनने उलटा मार्ग धरला. ‘मेट्रो’ म्हणून गाजविलेल्या योजनेचे रूपांतर तिने दोन सांध्यांच्या विद्युत बसमध्ये केले आणि जानेवारी २०२५ मध्ये पहिला मार्ग प्रवाशांसाठी सुरू केला. कॅनडाची राजधानी ओटावा हिचे उदाहरण रेल्वेच्या बाजूने दिले जाते. तेथील राखीव बसमार्गावर मध्यवर्ती भागात बसच्या रांगा लागू लागल्या, म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये त्या जागी हलकी रेल्वे आली. पुढे दारांचे बिघाड झाले, २०२१ मध्ये दोनदा गाडी रुळांवरून घसरली आणि प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले. दोन्ही शहरांनी मुळात राखीव रस्ता आधीच कमावलेला होता, आणि वाद त्यावर काय चालवायचे एवढाच होता. चेन्नईजवळ तो रस्ताच नाही.

भारतातील बीआरटीचा इतिहास याच मुद्द्याभोवती फिरतो. दिल्लीतील आंबेडकरनगर ते मूलचंद ही जेमतेम सहा किलोमीटरची मार्गिका २००८ मध्ये आली आणि २०१६ मध्ये उखडली गेली. भोपाळमध्ये २०२४ च्या प्रारंभी ती काढण्यास सुरुवात झाली. इंदूरच्या मार्गिकेबाबत फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती हटविण्यास सांगितले. पुण्याने तर देशातील पहिला प्रयोग केला होता. कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये बीआरटी सुरू झाली, पण मार्गिका सलग नव्हती, पादचाऱ्यांना मधल्या थांब्यापर्यंत सुरक्षित पोहोचता येत नव्हते आणि दुचाकी बिनदिक्कत आत शिरत होत्या. पुढे २०१५ पासून ‘रेनबो’ या नावाने पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये अधिक नेटके मार्ग बांधले गेले, आणि पिंपरी-चिंचवडच्या रुंद रस्त्यांवर ते बरे चाललेही. पुण्याच्या नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग मात्र वाहतूककोंडीचे कारण देऊन उखडण्यात आला. अहमदाबादची ‘जनमार्ग’ सेवा २००९ पासून टिकून आहे, कारण तेथे रस्त्याच्या मधोमध फलाट, आधी तिकीट आणि सलग मार्गिका ही पथ्ये सुरुवातीपासून बऱ्याच अंशी पाळली गेली.

या यादीत एक समान धागा आहे. बसला दिलेली जागा परत घेता येते. महापालिकेतील सत्ता बदलली, पोलिसांनी कोंडीचा अहवाल दिला, एखाद्या आमदाराने मोर्चा काढला, की कठडे निघतात. रूळ काढणे इतके सोपे नसते. हलक्या रेल्वेचे खरे सामर्थ्य तिच्या चाकांत नसून या अपरिवर्तनीयतेत आहे. गुंतवणूकदार, घर घेणारी कुटुंबे आणि शाळा-महाविद्यालये रुळांवर विश्वास ठेवतात, कारण ते पुढच्या निवडणुकीनंतरही तेथे असतील याची त्यांना खात्री असते. बसच्या बाजूने लिहिणारे अनेक जण हा मुद्दा नजरेआड करतात. ते योग्य नाही.

मात्र त्याची किंमतही तितकीच स्पष्ट आहे. चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मंजुरी दिली. ११८.९ किलोमीटर, तीन मार्गिका, ६३,२४६ कोटी रुपये. किलोमीटरमागे सुमारे ५३२ कोटी. त्याच्या तुलनेत नाशिकच्या मेट्रोनिओसाठी २०२१ च्या अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांचा खर्च सांगण्यात आला होता, आणि मार्गाची लांबी सुमारे ३३ किलोमीटर होती. म्हणजे किलोमीटरमागे ६३ कोटींच्या आसपास, तेही बहुतांश उन्नत मार्ग धरून. हे दोन आकडे एकाच तराजूत घालणे पूर्णतः न्याय्य नाही, कारण चेन्नईच्या मार्गिकांत भूमिगत भाग मोठा आहे आणि मेट्रोची वहनक्षमता कितीतरी अधिक आहे. तरीही ज्या मार्गावर तासाला सात-आठ हजारच प्रवासी आहेत, तेथे आठपट खर्चाचे समर्थन कसे करायचे, याचे उत्तर मागण्याचा करदात्याला अधिकार आहे.

नाशिकच्या वाचकांना हा आकडा वाचून कडू हसू येईल. महामेट्रोने आखलेली, देशातील पहिली ठरणार असलेली ती योजना अर्थसंकल्पीय भाषणात झळकली, आणि त्यानंतर वर्षे उलटूनही तिचे बांधकाम उभे राहिलेले नाही. सिंहस्थ कुंभमेळा दाराशी येऊन ठेपला तरी गंगापूर ते नाशिक रोड हा प्रवास पूर्वीच्याच रस्त्याने करावा लागतो. स्वस्त पर्याय लवकर होतो, या समजुतीला नाशिकने तडा दिला आहे. तेथे अडचण तंत्राची नव्हती. देशात अशी बस कोणी चालविलेली नाही, म्हणून कोणी आधी मंजूर करायला धजावत नाही, आणि मंजूर होत नाही म्हणून कोणी चालवीत नाही, असे ते चक्र आहे. नागपुरात १३५ आसनी, अठरा मीटरच्या विद्युत बसचा प्रयोग करण्याची घोषणा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वारंवार केली आहे. तो प्रत्यक्षात उतरला तर चेन्नईसह अनेक शहरांना पहिल्यांदाच देशी परिस्थितीतील खरे आकडे मिळतील. ऊन, खड्डे आणि चेंगराचेंगरी यांत ती बस किती टिकते, चार्जिंगला किती वेळ घेते आणि किलोमीटरमागे किती खर्च येतो, हे परदेशी पुस्तिकांतून कळत नाही.

चेन्नईत सध्या जे घडते आहे ते या वादापेक्षा साधे आणि कदाचित अधिक महत्त्वाचे आहे. शहरातील सार्वजनिक वाहतुकीचा भार आजही बसच वाहते. एमटीसीच्या गाड्यांतून दररोज ३० लाखांहून अधिक प्रवास होतात. मेट्रोने २०२४ या संपूर्ण वर्षात १०.५२ कोटी प्रवास नोंदविले, म्हणजे दिवसाला तीन लाखांपेक्षा थोडे कमी. दहापट प्रवासी नेणाऱ्या बसचा ताफा मात्र सव्वातीन हजारांच्या आसपास घुटमळतो, आणि दरम्यान महानगर क्षेत्राची हद्द १,१८९ चौरस किलोमीटरवरून २०२२ मध्ये ५,९०४ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने विद्युत बस घेण्याचा कार्यक्रम सुरू आहे. त्यातील पहिल्या १२० गाड्या ३० जून २०२५ रोजी व्यासरपाडी आगारातून रस्त्यावर आल्या. खालच्या मजल्याच्या या बस व्हीलचेअरवरील प्रवाशांसाठी मोठा दिलासा आहेत, आणि त्यासाठी अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांना मद्रास उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले होते, हे विसरून चालणार नाही. पण त्या बारा मीटरच्याच आहेत.

याला कारण आहे. विद्युत बससाठी केंद्राच्या मदतीची रचनाच बारा मीटरपर्यंतच्या गाड्यांना धरून केलेली आहे. ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत लहान, मध्यम आणि प्रमाणित अशा लांबीच्या बसना अनुदानाचे दर ठरले आहेत, जोडबसचा स्वतंत्र रकाना नाही. ‘पीएम ई-बस सेवा’ तर ४० लाखांपर्यंतच्या लोकसंख्येच्या शहरांसाठी असल्याने चेन्नई तिच्या कक्षेत बसतच नाही. याउलट मेट्रोच्या प्रकल्पांना केंद्राचा भांडवली वाटा आणि परदेशी वित्तसंस्थांची दीर्घ मुदतीची कर्जे मिळतात. राज्याच्या वित्त सचिवाच्या जागी बसून पाहिले तर ६३ हजार कोटींची मेट्रो ही बाहेरून पैसा आणणारी योजना दिसते, आणि २०० जोडबस ही आपल्या तिजोरीतून पैसा नेणारी. निवड अभियंते करतात असे आपण मानतो. प्रत्यक्षात ती बरीचशी निधीच्या रकान्यांनी आधीच केलेली असते.

तांबरम–वेलाचेरी मार्ग पाहिला तर हा पेच अधिक उमजतो. रस्ता मेडवाक्कमवरून आणि पल्लिकरणैच्या पाणथळ प्रदेशाला लागून जातो. २०२२ मध्ये या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला, त्यामुळे तेथे रस्ता रुंद करण्याला मर्यादा आहेत आणि असायलाही हव्यात. मेडवाक्कमला त्याच वर्षी लांबलचक उड्डाणपूल खुला झाला. अशा रस्त्यावर जमिनीवरून हलकी रेल्वे नेली तर मोटारींच्या दोन मार्गिका जातात. जमिनीवरून जोडबस नेली तरी त्याच दोन मार्गिका जातात. दोन्ही पर्याय उन्नत केले तर मार्गिका वाचतात आणि खर्च कित्येक पटींनी फुगतो. म्हणजे उन्नत मार्गाच्या खांबांवर खर्च होणारा पैसा हा मुख्यतः प्रवाशांना जलद नेण्यासाठी नसून खालच्या रस्त्यावर मोटारींची जागा अबाधित राखण्यासाठी असतो. तो खर्च करायचा की नाही, हा राजकीय निर्णय आहे. त्याला तांत्रिक अपरिहार्यतेचे रूप देणे मात्र थांबले पाहिजे.

या लेखकाच्या मते चेन्नईने तांबरम–वेलाचेरी आणि शंभरफुटी रस्ता म्हणून ओळखला जाणारा आतला वर्तुळमार्ग, या दोन ठिकाणी रुळांचा विचार तूर्त बाजूला ठेवून राखीव मार्गिका आणि अठरा मीटरच्या बस यांपासून आरंभ करावा. पंचवीस मीटरच्या गाड्यांची घाई नको. त्यांच्यासाठी आगारांतील तपासणीचे खड्डे, वळणाच्या जागा आणि धुण्याची यंत्रणा सारेच बदलावे लागेल. दुमजली बस पुन्हा आणण्याची मागणी अधूनमधून होते. मुंबईत बेस्टने जुन्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त केल्या आणि त्यांच्या जागी वातानुकूलित विद्युत गाड्या आणल्या, त्यांचे कौतुकही झाले. पर्यटनाला त्या शोभतात. पण जिन्यावरून चढ-उतार करणारे प्रवासी आणि थांब्यावरचे २० सेकंद यांचे जमत नाही, आणि गर्दीच्या मार्गावर वेळ हाच कळीचा मुद्दा आहे.

जोडबसच्या विरोधात एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. युरोपात लांब बस परवडतात कारण तेथे चालकाचा पगार हा सर्वांत मोठा खर्च असतो, आणि एका चालकाच्या हाताखाली दुप्पट प्रवासी देता येतात. आपल्याकडे दुप्पट लांबीची एक बस दहा मिनिटांनी सोडण्यापेक्षा साध्या दोन बस पाच-पाच मिनिटांनी सोडणे प्रवाशाला अधिक सोयीचे असते. ज्या महामंडळाला आहे त्या ताफ्याचे वेळापत्रक पाळता येत नाही, त्याने लांब बस घेतल्या तर त्या गाड्या फेऱ्या कमी करण्याचे निमित्त बनतील, अशी भीती निराधार नाही. म्हणून जोडबसचा नंबर तेथेच लागावा, जेथे साधी बस दर दीड-दोन मिनिटांनी धावूनही थांब्यावर माणसे उरतात. जीएसटी रोडवर तांबरमच्या आसपास सकाळी हे चित्र दिसते. सर्वत्र दिसत नाही.

भाड्याचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या भाड्याच्या शहरी बसमध्ये स्त्रियांना मोफत प्रवास आहे. घरकाम करणाऱ्या, कापड दुकानांत उभ्या राहणाऱ्या, बाजारात फुले विकणाऱ्या हजारो स्त्रियांच्या महिन्याच्या हिशेबात या योजनेने खरा फरक पडला. मेट्रोत ही सवलत नाही. एखाद्या मार्गावर हलकी रेल्वे आली आणि तिला प्रवासी मिळावेत म्हणून समांतर बस कमी करण्यात आल्या, तर या स्त्रियांसाठी सुधारणा म्हणजे भाडेवाढ ठरेल. लांब बस आल्या आणि त्यांना ‘डिलक्स’चा रंग देऊन मोफत प्रवासाच्या कक्षेबाहेर ठेवले, तर परिणाम तोच. वाहन कोणते याइतकेच ते कोणत्या दरपत्रकात बसते हे महत्त्वाचे आहे, आणि प्रकल्प अहवालांत या मुद्द्यावर सहसा एक परिच्छेदही नसतो.

वाहतुकीच्या सर्व साधनांना एका छत्राखाली आणणारे चेन्नई एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण, अर्थात कुमटा, २०१० च्या कायद्याने स्थापन झाले. त्याची पहिली बैठक भरायला नोव्हेंबर २०२२ उजाडले. मात्र त्यानंतर गती आली हे मान्य करायला हवे. बस, मेट्रो आणि उपनगरी रेल्वे या तिन्हींचे तिकीट एकत्र देणारे ‘चेन्नई वन’ हे ॲप सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. चढण्यापूर्वी तिकीट हा जोडबसच्या यशाचा जो पहिला पाया, तो त्यामुळे काही प्रमाणात आपोआप घातला गेला आहे. थांब्यावर फलाट आणि मार्गिकेला कठडा या उरलेल्या गोष्टी मात्र ॲपवर होत नाहीत. त्यासाठी महामार्ग विभाग, महापालिका, वाहतूक पोलीस आणि एमटीसी यांना एका नकाशावर सही करावी लागते.

दुसऱ्या टप्प्यातील मेट्रोचे सर्व मार्ग २०२८ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. ‘ओएमआर’ या जुन्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या राजीव गांधी सालैवर आज मधला पट्टा पत्र्यांनी वेढलेला आहे आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांकडे जाणाऱ्या बस उरलेल्या मार्गिकांत मोटारींच्या मागे सरपटतात. खांब उभे राहून पत्रे निघतील, तेव्हा तेथे रस्त्याची जागा पुन्हा वाटली जाईल. ती जागा बसला देण्याचा ठराव पत्रे निघण्यापूर्वी झाला तर होईल. एकदा मोटारी तेथे धावू लागल्या की दिल्ली, इंदूर आणि पुण्याच्या नगर रस्त्यावर जो वाद झाला तोच येथे सुरू होईल. महामार्ग विभागाने त्या रस्त्याचा पुनर्रचना आराखडा अजून निश्चित करायचा असेल, तर कुमटाच्या पुढच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर आहे की नाही, याकडे लक्ष ठेवायला हवे.